अमेरिकन कॉन्सेप्ट कारच्या प्रतिकृती कशा जमवाव्यात

जुलै 1956 मध्ये ‘आंद्रेआ डोरिया’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडालं. त्याच्या पोटात क्रायस्लरची ‘नॉर्समन’ ही कॉन्सेप्ट कार होती, म्हणजे विकायला नव्हे, तर नव्या कल्पना दाखवायला बनवलेली गाडी. इटलीत घिया या गाड्यांचे सांगाडे घडवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात हातानं घडवलेली ही एकमेव गाडी अमेरिकेला पोहोचलीच नाही. आज ती पाहायची तर जुनी छायाचित्रं किंवा हातात मावणारी प्रतिकृती, एवढंच उरलंय. म्हणून या छंदात आधी गाडीची गोष्ट शोधा, दुकान नंतर.

सुरुवातीला एक धागा पकडा. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांच्या गाड्या घेतल्या तर 1938ची ब्यूक वाय-जॉब, 1951ची ल सेबर आणि मग टर्बाइनवर चालणाऱ्या तीन फायरबर्ड, अशी रांग आपोआप लागते. मला स्वतःला एकाच गाडीचा माग काढायला जास्त आवडतं. 1955ची लिंकन फ्यूचुरा आधी मोतिया पांढरी होती, पुढे एका चित्रपटासाठी लाल झाली आणि 1966च्या ‘बॅटमॅन’ मालिकेसाठी गाड्यांचं रूप पालटणाऱ्या जॉर्ज बॅरिस यांनी तिचीच काळी बॅटमोबाइल, म्हणजे बॅटमॅनची गाडी, केली. तिन्ही शेजारी ठेवा, एका गाडीचं अख्खं आयुष्य कपाटात दिसेल.

मग माप ठरवा. फ्यूचुरा सुमारे पावणेसहा मीटर लांब होती. ती 1:18 मध्ये, म्हणजे मूळच्या अठराव्या हिश्शाच्या मापात, 32 सेंटिमीटर भरते, 1:43 मध्ये साडेतेरा. घरातली जागा पाहता 1:43 बरं. या मापातल्या बऱ्याच कॉन्सेप्ट कार रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या कृत्रिम राळेच्या असतात आणि थोड्याच संख्येनं निघतात. त्यांचे दरवाजे सहसा उघडत नाहीत, पण इथे खरा जीव बाह्यरेषेत आहे.

पैसे देण्याआधी मूळ गाडीचं छायाचित्र समोर ठेवून बघा. मागचे पंख सरळ आहेत का? छताचा पारदर्शक घुमट असेल तर तो पिवळा पडलाय का, गोंदानं धुरकटलाय का? रंग नेमका कोणत्या वर्षाचा? जुनी जस्त-मिश्रधातूची गाडी असेल तर तळाचाही फोटो मागवा. बारीक तडे किंवा फुगवटे दिसले तर ती सोडा. धातूतल्या शिशासारख्या अशुद्धीमुळे होणारी ही झीज थांबवता येत नाही. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधीच किमतीत धरा.

काचेचं कपाट उन्हापासून दूर ठेवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. मऊ टायर प्लॅस्टिकच्या तळावर वर्षानुवर्षं टेकले तर तिथे डाग पडतात, तेव्हा गाडी किंचित उचललेली ठेवा. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशनं झटका. खोका टाकू नका.

शेवटी प्रत्येक गाडीची नोंद करा: वर्ष, रचनाकार, खरी गाडी आज कुठे आहे. नॉर्समनपुढे ‘अटलांटिकचा तळ’ लिहाल. 1958च्या फोर्ड न्यूक्लिऑनपुढे लिहा, ‘पूर्ण आकारात बनलीच नाही’. अणुशक्तीवर चालवण्याची कल्पना असलेल्या त्या गाडीची फोर्डनं फक्त तीन-अष्टमांश मापाची प्रतिकृती केली होती.