पुस्तकातलं उत्तर जुळत नाही तेव्हा

जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना दरवर्षी हा प्रश्न येतोच: "सर, उत्तर जुळत नाही. माझं चुकलं की पुस्तकाचं?" काही मुलं पुस्तकातलं उत्तर येईपर्यंत आकडे फिरवत बसतात, काही जण पुस्तकावर काट मारून मोकळी होतात. नव्याने अकरावीला आलेल्यांनी दोन्ही टाळावं.

यावलकडच्या एका विद्यार्थिनीने गाईडमधलं उदाहरण आणलं होतं. पंप 25 मीटर खोल विहिरीतून सेकंदाला 10 किलो पाणी उपसतो आणि सेकंदाला 10 मीटर वेगाने बाहेर फेकतो, शक्ती किती? तिचं उत्तर 2950 वॅट, गाईडचं 3450.

किरकोळ शक्यता आधी निकालात काढा. g (गुरुत्वत्वरण) 9.8 ऐवजी 10 घेतला तर 2950 चे 3000 होतात. एवढ्या फरकाला चूक म्हणत नाहीत. इथे फरक 500 चा. एककं दोन्हीकडे वॅटच. वेग शून्य धरला तर दोघांचंही 2450 (पाणी वर उचलण्याचे 10 × 9.8 × 25) येतं, म्हणजे भांडण फक्त गतिज ऊर्जेच्या, म्हणजे पाण्याला वेग देण्याच्या, पदाशी आहे.

आता गाईडचा आकडा आला कुठून ते शोधा. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथेच. गतिज ऊर्जेच्या ½mv² ने (m सेकंदाचं 10 किलो पाणी, v त्याचा वेग) 500 वॅट येतात, गाईडने 1000 धरलेत. ½ गळलाय. आणि ½ ला एकक नसतं, म्हणून एककांच्या तपासणीत तो कधीच सापडत नाही.

पण तो छपाईत गळला की विचारात? बल गुणिले वेग केलं तरी 1000 च येतात: सेकंदाला 100 एकक संवेग (वस्तुमान गुणिले वेग), म्हणजे 100 न्यूटन, गुणिले 10. वाचायला बरोबर वाटतं. मात्र बल लागत असताना पाणी शून्यापासून 10 पर्यंत वेग घेत असतं, सगळा वेळ 10 ने धावत नसतं. म्हणून इथे 500 च बरोबर. हेच गणित सरकत्या पट्ट्यावर वाळू पडण्याचं असतं, तर 1000 बरोबर ठरले असते: पट्टा सतत 10 नेच चालतो आणि वाळू घसरताना निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते. तिथे ½ घालून पुस्तक 'सुधारणारी' मुलंही मी पाहिली आहेत.

त्या मुलीला एक शंका उरली होती, आणि ती मला फार मोलाची वाटली. घरच्या केळीच्या मळ्यातल्या मोटारीच्या पाटीवर 5 एचपी, 3.7 किलोवॅट लिहिलंय. 3450 त्याच्या जवळचं, मग गाईडच खरं नाही का? नाही. पाटीवरची शक्ती मोटारीची. पंपात आणि पाइपात बरीच वाया जाते, पाण्याला उरलेली मिळते. उदाहरणात हा तोटा धरलेलाच नाही. आकडे जवळ आले म्हणून तो पुरावा होत नाही.

खात्री झाली की पान क्रमांक, आवृत्तीचं वर्ष आणि तुमच्या पायऱ्या एका कागदावर लिहा, शिक्षकांना दाखवा, नवं पुनर्मुद्रण बघा आणि तरीही चूक तशीच असेल तर प्रकाशकाला कळवा. पत्रात 'उत्तर चुकीचं आहे' एवढंच लिहू नका. कोणत्या ओळीत ½ राहिला ते दाखवा.