वाडीवर अभ्यासवर्ग चालवायचा तर

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वर असतो, त्यामुळे इथे साक्षरतेचं काम आता उरलेलं नाही असा समज सहज होतो. पण चांगल्या मार्कांनी दहावी झालेल्या मुलीची आजी बँकेत अंगठाच लावते आणि चौथीतला भाऊ दुसरीचा धडा अडखळत वाचतो, अशी घरं प्रत्येक वाडीत सापडतात. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी विनामूल्य वर्ग चालवायला पैसा फारसा लागत नाही. वर्ग बंद पडतात ते चुकीच्या वेळेमुळे, लांबच्या जागेमुळे आणि सगळ्यांना एकाच धड्यावर बसवल्यामुळे.

आधी वेळ ठरवा

एकाच तालुक्यात दोन वेगळी वर्षं चालतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, लिलाव बंद, म्हणून कोळीवाड्यातल्या बायकांना वर्षातला सर्वांत मोकळा वेळ तेव्हाच मिळतो. त्याच दोन महिन्यांत वरच्या शेतकरी वाडीत लावणी चालू असते आणि संध्याकाळी पाठ टेकण्यापलीकडे कोणाला काही सुचत नाही. म्हणून कोळीवाड्यातला वर्ग जूनमध्ये सुरू करा आणि शेतकरी वाडीतला भातकापणी उरकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस दोन्हीकडे सुट्टी धरा. पालखी घरोघर फिरत असताना वर्ग चालू ठेवला तर माणसं येत नाहीत आणि न आल्याचा संकोच वाटून नंतरही फिरकत नाहीत. आंबा-काजूच्या हंगामात आठवड्याचे दिवस पाचावरून दोनवर आणा, पण वर्ग पूर्ण बंद करू नका.

खाडीकाठी कालवं, तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका असतील तर घड्याळाची ठरावीक वेळ चालतच नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर जुन्या माणसांना पाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी येते संध्याकाळी साडेपाच-सहाला, आणि ती सर्वांत खोल ओहोटी असल्यामुळे सगळ्या जणी खाडीत उतरलेल्या असतात. त्या दोन-तीन दिवसांत संध्याकाळचा वर्ग रिकामा दिसला तर तो निरुत्साह समजू नका. वेळापत्रक कालनिर्णय समोर ठेवून महिन्यासाठी एकदम लिहा आणि वाडीतल्या दुकानावर चिकटवा. (पाऊणपटीचा हाच हिशेब पुढे गुणाकार शिकवायला हाताशी येतो.)

जागा

वर्ग गावात नको, वाडीत हवा. अंधारात साकव ओलांडून किंवा पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेने यायचं असेल तर बायका आठवडाभर येतील, नंतर नाही. घरापासून दहा मिनिटांच्या आत पोचता आलं पाहिजे. देवळाचा सभामंडप सगळ्यात आधी सुचतो, कारण तो मोठा असतो आणि तिथे दिवा असतो. पण पाळीच्या दिवसांत बायका देवळात येत नाहीत, आणि मोहल्ल्यातली मुलं तर मुळीच येत नाहीत. अंगणवाडी किंवा समाजमंदिर बरं. कोणाची पडवी मिळत असेल तर आधी चौकशी करा, कारण भावकीत वाद असेल तर निम्मी वाडी त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही.

छप्पर पत्र्याचं असेल तर जोराच्या सरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पावसाळ्यात अशा जागी मोठ्याने वाचनाचा तास ठेवू नका. लेखन, हिशेब, शब्दकार्डं जुळवणं अशी कामं त्या वेळेसाठी राखून ठेवा. वीज जाणार हे गृहीत धरून दर सहा जणांमागे चार्जिंगचा एक दिवा हवा.

नाव नोंदवतानाच पातळी बघा

वयावर किंवा इयत्तेवर गट पाडू नका. प्रत्येकाला एकेकट्याला बाजूला घेऊन पाच पायऱ्यांत तपासा: काहीच वाचता येत नाही, सुटी अक्षरं येतात, साधे शब्द येतात, चार ओळींचा उतारा येतो, आठ-दहा ओळींची गोष्ट येते. एका माणसाला तीन-चार मिनिटं पुरतात. उतारा पुढे ठेवून सुरुवात करा. तो जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांवर आणि मग अक्षरांवर या. मुलांची तपासणी इतर मुलांसमोर करू नका. सातवीतल्या मुलाला शब्दच वाचता येतात हे चारचौघांत उघड झालं की तो परत येत नाही. मोठ्या बायकांना ‘परीक्षा’ हा शब्दही ऐकवू नका, गप्पा मारता मारता कार्ड पुढे करा.

चाळिशीपुढच्या प्रत्येकीची नजर त्याच दिवशी बघा. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते का, एवढं विचारलं तरी पुरतं. ‘आता या वयात डोक्यात शिरत नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणींना अक्षर दिसतच नसतं. कागद साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरून स्पष्ट दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून जवळचा चष्मा घ्यायला लावा, मगच पाटी हातात द्या. कार्डांवरचं अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं ठेवा.

मोठ्यांचा वर्ग

एका शिकवणाऱ्यामागे सहा ते आठ जणी, सव्वा तास, आठवड्यातून पाच दिवस. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘अ’पासून सगळी बाराखडी गिरवून घेणं. दोन महिने गिरवूनही एक पूर्ण शब्द वाचता येत नाही आणि बाई कंटाळून घरी बसते. त्याऐवजी आठ अक्षरं घ्या: न, र, ळ, म, ग, स, ज, ब. त्यांना फक्त काना जोडा. एवढ्यात नारळ, मासा, बाजार, सासर, माळ, बाग, गरज, नजर आणि बँकेच्या पासबुकातला ‘जमा’ हे शब्द तयार होतात. पहिल्या आठवड्यात पासबुक उघडून ‘जमा’ हा शब्द स्वतः शोधता आला की पुढचा आठवडा वाया जात नाही. दुसऱ्या फेरीत क, व, त, ल, प, ट आणि दोन्ही वेलांट्या घेतल्या की गाव, नाव, वीज, बिल, पाटी, तिकीट वाचता येतात. एका फेरीला दहा-बारा दिवस द्या.

दिसायला सारखी अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. घ-ध, भ-म, प-ष, थ-य, ड-ह या जोड्यांत किमान आठवड्याचं अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही कायमची एकमेकांत मिसळतात. जोडाक्षरं शेवटी घ्या आणि त्यांत ‘र’ला वेगळे चार दिवस द्या, कारण तो चक्र, राष्ट्र, दर्या आणि दऱ्या या चार शब्दांत चार रूपांनी येतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी लिहून दाखवले तर कोळणींना फरक लगेच कळतो, कारण त्यांतला एक शब्द त्यांचा रोजचा आहे.

बोलीवरून टोकू नका. मालवणी बोलणारी बाई ‘माका बाजारात जावचा आसा’ म्हणाली तर फळ्यावर तेच लिहा, शब्दाखाली बोट धरून तिच्याकडून तेच वाचून घ्या. आपण बोललेलं वाक्य असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे तिला माहीत असतं, म्हणून वाचन लवकर सुटतं. ‘मला बाजारात जायचं आहे’ हे त्याखाली तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिहा. छापील कागद वाचायला प्रमाण भाषा लागते हे खरं, पण पहिल्याच दिवशी बाईचं बोलणं चूक ठरवून ती भाषा येत नाही.

सही लवकर शिकवा, पण तिथेच थांबू नका. अंगठा सुटला की घरचे म्हणतात, झालं शिकून. नावातल्या अक्षरांचे सुटे तुकडे करून त्यांपासून नवे शब्द बनवून घेतले तरच ती सही उपयोगाची. नाहीतर ते चित्र काढणं होतं.

हिशेब शिकवताना ध्यानात ठेवा की मासे विकणारीला तोंडी गणित शिकवणाऱ्यापेक्षा चांगलं येतं. ५० रुपयांचा वाटा, चार वाटे, ५०० ची नोट, तर परत किती, हे ती बोलता बोलता सांगते. तिला येत नसतं ते कागदावर मांडणं. म्हणून आधी तोंडी उत्तर घ्या, मग तेच लिहून दाखवा. कोडी, डझन, शेकडा ही मापं वापरा. गोंधळ होतो तो अंकांच्या नावात: सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, त्यामुळे ७४ लिहिलं जातं. दहा-दहाच्या नोटा आणि सुटी नाणी समोर मांडून ४७ करून दाखवा. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद यांसाठी स्वतंत्र दिवस लागतो. मोबाईल आणि नोटांवरचे इंग्रजी अंक सोबतच शिकवा, कारण व्यवहारात तेच आधी भेटतात.

दोन-तीन महिन्यांनी वाचायला खरे कागद आणा: वीजबिल, रेशनकार्ड, एसटीची पाटी, पैसे काढण्याची स्लिप, औषधाच्या पाकिटावरची मुदत. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही हा धडा त्यातच घ्या.

मुलांचा अभ्यास

शाळेचा गृहपाठ पूर्ण करून देणं हे या वर्गाचं काम नाही. त्यात वेळ संपतो आणि मूल होतं तिथेच राहतं. दीड तासातला पहिला तास पातळीप्रमाणे गटांत वाचन आणि गणित, शेवटचा अर्धा तास गृहपाठ. शब्दांवर अडलेलं पाचवीतलं मूल दुसरीतल्यांबरोबर बसवायचं असेल तर त्याच्याकडे कार्डं वाटण्याचं काम द्या, म्हणजे त्याचा मान राहतो. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि गट बदला. गट बदलत नसतील तर शिकवणं बदलायला हवं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, त्यांतले खालच्या इयत्तांचे उतारे छापून वापरा.

रायगडात कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. त्या मुलांसाठी वर्षाचा आराखडा जून ते ऑक्टोबर एवढाच धरा आणि जाण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरात दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) घेतलं आहे का ते बघा.

नववी-दहावीला गणित आणि इंग्रजी यांनाच आठवड्यातून दोन संध्याकाळी द्या. अडचण बहुधा अपूर्णांक आणि ऋण संख्या यांत असते, म्हणून बीजगणिताआधी तेच दुरुस्त करा. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. कोकण मंडळाचं कार्यालय रत्नागिरीत आहे, पण फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि मुदत पाळावी लागते.

शिकवणारे आणि सामान

निवृत्त गुरुजी मिळाले तर उत्तम, पण त्यांची सवय चाळीस मुलांना एकदम शिकवण्याची असते. बारावी होऊन घरी असलेल्या मुली गटात बसून शिकवायला जास्त बऱ्या. दोन दिवस सराव द्या, त्यातला एक दिवस खऱ्या वर्गात. चाकरमान्यांवर (नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांवर) नेहमीचा वर्ग टाकू नका. मे महिन्यातलं पंधरा दिवसांचं शिबिर आणि मुंबई मंडळाकडून वर्गणी, एवढं त्यांच्याकडून नक्की होतं. मुलं असतील तिथे नेहमी दोन मोठी माणसं हवीत, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर लावा.

वीस जणांसाठी २४ पाट्या, दोन फळे, पेन्सिलींची चार खोकी आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली २०० शब्दकार्डं पुरतात. पावसाळ्यात खडू ओलावतो, वही दमट होऊन शाई फुटते, पुस्तकांना बुरशी येते. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत पुस्तकं ठेवा आणि उघडीप मिळाली की वाऱ्यावर पसरा, कडक उन्हात नको.

ही पेटी वर्ग संपल्यावर खरी कामाला येते. नवं वाचायला शिकलेला माणूस सहा महिने काही न वाचता राहिला तर विसरतो. मुरूडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, तेव्हा मोठ्यांचं वाचन टिकवण्याकडेही लक्ष दिलं होतं. साठेक पुस्तकांची पेटी महिन्याने पुढच्या वाडीला पाठवा. आरत्या, पाककृती, ठळक अक्षरातल्या गोष्टी आधी उचलल्या जातात.

कागदोपत्री काम

पंधरा वर्षांवरच्यांची नोंदणी जवळच्या शाळेमार्फत ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात करून घ्या. त्याच्या परीक्षेत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०, असे १५० गुण असतात आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं.

संस्थेची नोंदणी पहिल्या वर्षी करू नका. आधी वर्ग एक पूर्ण वर्ष टिकू द्या. तोवर बचत गटाच्या किंवा ग्रामस्थ मंडळाच्या नावाने पावती देऊन काम भागतं. पुढे १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून गेला की जुन्याच नावांवर खातं अडकतं, आणि त्यांतला एखादा मुंबईला गेलेला असला तर चेकवर सही मिळायलाही पुढच्या गणपतीची वाट बघावी लागते.