सी भाषेत अ‍ॅरे घोषित करण्याआधी

सी भाषेत अ‍ॅरेची हद्द कोणी राखत नाही: एकाच प्रकारच्या किमती ओळीने ठेवणाऱ्या या रांगेबाहेर हात गेला तरी भाषा अडवत नाही. म्हणून पहिली ओळ टाइप करण्याआधीच काही गोष्टी कागदावर ठरलेल्या हव्यात.

आधी डेटाटाइप ठरवा आणि जास्तीत जास्त किती घटक लागतील तो आकडा. हा आकडा जागोजागी लिहू नका. वर एकदाच डिफाइन करून त्याला नाव द्या. प्रत्यक्ष भरलेल्या घटकांची संख्या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. ५० जागांच्या अ‍ॅरेत ३७ जणांचेच गुण आले असतील, तर सरासरी ३७ नेच भागून काढायची.

५० घटकांचे इंडेक्स, म्हणजे क्रमांक, ० ते ४९. लूपची अट ‘५० पेक्षा लहान’ अशीच हवी; ‘लहान किंवा समान’ लिहिले की अस्तित्वात नसलेल्या ५१व्या घटकाला हात लागतो. प्रोग्राम तिथेच बंद पडला तर नशीब चांगले. बरेचदा शेजारच्या व्हेरिएबलची किंमत गुपचूप बदलते आणि चूक भलत्याच फंक्शनमध्ये दिसते. इंडेक्स वापरकर्त्याकडून येणार असेल तर तो ऋण नाही ना, हेही तपासा.

सुरुवातीच्या किमती विसरू नका. ग्लोबल आणि स्टॅटिक अ‍ॅरे आपोआप शून्याने भरतो, फंक्शनच्या आत घोषित केलेल्या साध्या अ‍ॅरेत मात्र कचरा असतो. महिरपी कंसात एक शून्य दिले की सगळे घटक शून्य होतात. पण तिथे १ लिहून सगळे १ होत नाहीत: पहिला १, बाकी शून्यच.

मोठा अ‍ॅरे असेल तर मेमरीचा हिशेब करा. ४ बाइटचा इंट धरला तर १० लाख घटकांना ४० लाख बाइट लागतात. विंडोजवर स्टॅक (लोकल व्हेरिएबल जिथे राहतात ती मेमरी) सहसा १ एमबीचा असतो, त्यामुळे असा लोकल अ‍ॅरे प्रोग्राम कोसळवतो. तो स्टॅटिक करा किंवा मॅलॉकने, म्हणजे मेमरी मागणाऱ्या फंक्शनने, जागा घ्या. नल परत आला का, म्हणजे जागा नाकारली का, ते बघा आणि काम झाल्यावर फ्री करा.

मजकुरासाठी शेवटच्या नल कॅरेक्टरची (मजकूर संपल्याच्या खुणेची) एक जागा जास्त धरा. देवनागरीत तर अक्षरे मोजून भागतच नाही: यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला, काना आणि हलन्तालाही, ३ बाइट लागतात. ‘नमस्कार’ला २१ आणि नलचा १, असे २२ बाइट हवेत.

फंक्शनला अ‍ॅरे दिला की तिथे पोचतो तो फक्त पहिल्या घटकाचा पत्ता. आत साइझऑफ (बाइटमध्ये आकार सांगणारा) वापरल्यास पॉइंटरचा, म्हणजे त्या पत्त्याचा, आकार मिळतो, ६४-बिट यंत्रावर सहसा ८. म्हणून घटकसंख्या वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा.

कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा, जीसीसी किंवा क्लँग हा कंपाइलर असेल तर हद्दीबाहेरचा वापर पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझरही लावा. मग चार चाचण्या घ्या: एकही घटक नाही, एकच घटक, पूर्ण भरलेला अ‍ॅरे आणि मर्यादेपेक्षा एक जास्त.