नवतप्याआधी जुन्या ८००चा रेडिएटर

होळी आटोपली की नागपुरात अडगळीतला कूलर बाहेर येतो, टाकी घासली जाते, वाळ्याच्या ताट्या बदलतात. अंगणातल्या जुन्या मारुती ८००च्या कूलिंगचे काम त्याच आठवड्यात उरकावे. मे महिन्यापर्यंत थांबलात तर सकाळी नऊलाच बॉनेटचा पत्रा हात लावू देत नाही.

जी गाडी जानेवारीत सीताबर्डीच्या गर्दीतही तापमानाचा काटा अर्ध्यावर ठेवते, तीच मे महिन्यात का उकळते? रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकणार हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४५ वर गेली की फरक उरतो ४५. त्याच रेडिएटरची जवळजवळ तीस टक्के ताकद गेली. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि तापलेल्या डांबरालगतची हवा त्याहून गरम असते. म्हणजे हिवाळ्यात पाव भाग चोंदलेला रेडिएटरही कुरकुर न करता चालतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, त्याचे पितळ उघडे पडते.

खालचे आकडे कार्बोरेटरवाल्या ७९६ सीसी ८००ला धरून आहेत. झेन, ओम्नी, पद्मिनी, ॲम्बेसेडर यांना पद्धत तीच लागते, मापे मात्र त्या त्या गाडीची पाहावीत.

आधी लक्षण ओळखा

सुटे भाग आणण्याआधी गाडी नेमकी केव्हा तापते ते दोन दिवस पाहा. सिग्नलवर उभी असताना काटा चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो, तर दोष पंख्याचा किंवा हवेच्या वाटेचा. उलट, वर्धा रोडला ७०-८०च्या वेगाने तापते आणि हळू केली की शांत होते, तर रेडिएटर आतून चोंदला आहे. गाडी सुरू केल्यावर सात-आठ मिनिटांत काटा वर, पण रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) अजून थंडच, तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, बंद अवस्थेत अडकला आहे. सकाळी थंड गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसला तर रेडिएटरच्या झाकणातली छोटी व्हॅक्यूम झडप चिकटली आहे. हे शेवटचे लक्षण सगळ्यांत स्वस्तात दुरुस्त होते, आणि बहुतेक वेळा लोक त्यासाठी नवा होज आणतात.

पाणी रोज कमी होते पण गाडीखाली ओल नाही, सकाळी सायलेन्सरमधून बराच वेळ पांढरा धूर येतो, थंड इंजिन सुरू करून झाकण उघडे ठेवल्यावर पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसतो: यातली दोन लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधला सील, गेले आहे. मग रेडिएटर कितीही धुवा, उपयोग नाही. ओलाव्याचा थोडा दुधाळ थर रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीतही साचतो, म्हणून त्या एकाच खुणेवर हेड उघडू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

विदर्भात गाडी तापली की पहिला सल्ला मिळतो तो हाच: 'थर्मोस्टॅट काढून टाका, इथल्या उन्हात त्याची गरज नाही.' हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की पाणी रेडिएटरकडे मोकळे जातच असते. गर्दीत गाडी तापते ती हवा कमी पडल्याने, आणि थर्मोस्टॅट काढल्याने हवा वाढत नाही. नुकसान मात्र नक्की होते. डिसेंबरच्या पहाटे इंजिन तापायला फार वेळ लागतो, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल वाढते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि गाळ बनतो. थंड सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढला असेल तर या कामात नवा बसवा.

बसवण्याआधी नवाही तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकेल असा लटकवा, शेजारी थर्मामीटर सोडा. ८२ अंश छापलेला थर्मोस्टॅट त्या सुमारास उघडू लागतो आणि ९५च्या आसपास पूर्ण उघडतो. पूर्ण उघडल्यावर झडप साधारण ८ मिलिमीटर उचललेली हवी. पाणी थंड झाल्यावर ती परत घट्ट मिटते का तेही पाहा. हे पातेले पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका.

सामान

कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले) कूलंट २ लिटर, बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर ५ लिटर, थर्मोस्टॅट आणि त्याचे कागदी गॅस्केट, वरचा आणि खालचा होज, पंपाजवळचा छोटा बायपास होज, स्क्रूच्या होज क्लिपा सहा, ०.९ छाप (दाबाचा आकडा) असलेले रेडिएटरचे झाकण. हत्यारांत १० आणि १२चे पाने, पेचकस, पक्कड, रुंद घमेले, बागेचा पाइप. होज बाहेरून चांगले दिसले तरी क्लिपेजवळ दाबून पाहा. दाबल्यावर भेगा उघडतात किंवा आत कुरकुर जाणवते तो होज गेला. दोन्ही मोठे होज एकदमच बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला की दाब जुन्यावर निघतो.

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. ते काय करते हे पाहायचे तर मागच्या वर्षीच्या कूलरची ताटी आणि टाकीचा तळ पाहा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. तिथे एक मिलिमीटरचा थरही नळी अर्धी बुजवायला पुरतो.

उपसणे आणि धुणे

इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी गाडी सगळ्यांत बरी. गरम झाकण उघडले तर आतले पाणी दाब सुटताच उसळून तोंडावर येते. फडके धरूनही ते थांबत नाही.

रेडिएटरच्या तळाशी निचऱ्याची चावी असते. जुन्या गाडीत ती बहुधा जाम झालेली असते आणि जोर लावला की तुटते. दोनदा हलक्या हाताने प्रयत्न करा, फिरली नाही तर खालचा होज सोडा. चिकटलेला होज ओढू नका, रेडिएटरची नळी वाकते. ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढा, नाहीतरी तो बदलायचाच आहे. घमेल्यात आलेल्या पाण्याचा रंग पाहा. गंजाचा विटकरी रंग असेल तर आत कित्येक वर्षे साधे पाणी चालले आहे.

मग थर्मोस्टॅटची वाटी (तो ज्यात बसतो ते इंजिनावरचे झाकण) उघडून थर्मोस्टॅट काढा, वाटी तात्पुरती परत लावा आणि रेडिएटर उलटा धुवा: वरचा होज सोडून ठेवायचा, खालच्या नळीत बागेचा पाइप फडके गुंडाळून धरायचा, पाणी मध्यम दाबाने सोडायचे. नेहमीच्या दिशेने अडकलेला गाळ उलट्या धारेने सुटतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू द्या. या धुण्यापुरते नळाचे पाणी चालते, शेवटचे खळखळणे मात्र डिस्टिल्ड वॉटरने करा.

क्षार जास्त असतील तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व पुरते. होज जोडून साध्या पाण्यात १०० ग्रॅम विरघळवून भरा, इंजिन गरम होईपर्यंत आणि त्यापुढे वीस मिनिटे चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, उपसा, आणि साध्या पाण्याने तीनदा धुवा. हे मिश्रण रात्रभर आत ठेवू नका. संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच नको. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि ते ॲसिड ॲल्युमिनियम खाते. फार जुन्या रेडिएटरमध्ये काही वेळा क्षारांनीच बारीक छिद्रे बुजवलेली असतात. धुतल्यावर गळू लागला तर तो आधीच गेलेला होता. अशा रेडिएटरला गळतीबंद पावडर घालू नका, ती बायपास आणि हीटरच्या नळ्याही बुजवते.

बाहेरची बाजू विसरू नका. एप्रिलमध्ये काटेसावरीचा कापूस उडतो, तो जाळीतून आत जाऊन रेडिएटरवर आणि एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत दाटतो. त्यावर धूळ बसली की घोंगडी पांघरल्यासारखे होते. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने पाणी मारा. धुलाई सेंटरच्या प्रेशर पंपाने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पंखा

८००चा पंखा विजेवर चालतो. त्याचा प्लग सोडून दोन वायरींनी थेट बॅटरीवर जोडा. बोटे, ओढणी, बाही दूर ठेवा. लगेच जोरात फिरला तर मोटर ठीक. हाताने ढकलल्यावरच फिरतो तर ब्रश झिजले आहेत. मोटर चांगली असूनही गाडीत पंखा लागत नसेल तर फ्यूज, रिले, अर्थ आणि थर्मो स्विच (पाणी तापल्यावर पंखा लावणारा) या क्रमाने जा. पंखा साधारण ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान सुरू झाला पाहिजे.

मोटर आधी कधी बदलली असेल तर एक तपासणी आवर्जून करा. पंखा चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर वायरी उलट्या जोडल्या आहेत आणि पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो आहे. आवाज नेहमीसारखाच येतो, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही.

पंपाचा पट्टा मध्यभागी अंगठ्याने जोरात दाबल्यावर ६ ते ९ मिलिमीटर आत जावा. पंपाखालच्या छिद्रातून ठिबक किंवा पुलीला हलवल्यावर खडखड असेल तर पंप बदलायचा. ते काम गॅरेजला द्या आणि टाइमिंग बेल्ट त्याच वेळी बदलून घ्या.

भरणे आणि हवा काढणे

वाटीचा जुना कागद खरवडताना पेचकस वापरू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळते. जुने ब्लेड आडवे धरा. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे आणि हवेची छोटी हलती पिन वरच्या बाजूला. पिन खाली गेली तर हवा अडकते आणि सगळे नवे बसवूनही गाडी तापते. बोल्ट आळीपाळीने आवळा, मनगटाच्या जोरापुढे जाऊ नका. होज क्लिप रबर खाचांतून किंचित फुगले की थांबवा.

या गाडीत साधारण साडेतीन लिटर पाणी मावते. इथे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही आणि पाणी कूलंटपेक्षा उष्णता जास्त वाहते, म्हणून ४०:६० प्रमाण घ्या: कूलंट १.४ लिटर, डिस्टिल्ड वॉटर २.१ लिटर. ३० टक्क्यांखाली गेलात तर गंजरोधक घटक अपुरे पडतात. धुतल्यावर इंजिनात लिटरभर पाणी उरलेले असते, म्हणून आधी १.४ लिटर कूलंट ओता, मग मावेल तेवढे डिस्टिल्ड वॉटर. 'रेडी टू यूज' लिहिलेल्या डब्यात पाणी मिसळायचे नसते. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही. वेगवेगळ्या जाती मिसळल्या तर चिकट गाळ होऊ शकतो. पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचे, दर दोन वर्षांनी बदलायचे कूलंट बरे.

गाडीचे नाक चढावर किंवा उतरत्या लाकडी ठोकळ्यांवर वर करा, हीटर असेल तर 'हॉट'वर ठेवा. झाकण उघडे ठेवून इंजिन संथ चालवा, वरचा होज हातमोजा घालून दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी पुन्हा घसरते. पाणी तोंडाशी उसळू लागण्याआधी झाकण लावा, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. गॅस किट असलेल्या गाडीत रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाण्याच्या दोन नळ्याही दाबा. हवा अडकण्याची आणि गळतीची ती नेहमीची जागा आहे.

झाकणाचे महत्त्व आकड्यांत पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी ९९ अंशांनाच उकळते. ०.९चे चांगले झाकण तेच साधे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत धरून ठेवते, कूलंट असले की आणखी थोडे वर. रबर कडक झालेले झाकण ही सगळी सवलत घालवते.

दुसऱ्या दिवशी थंड गाडीत झाकण उघडून पातळी काठोकाठ करा, रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी 'लो' आणि 'फुल'च्या मध्ये ठेवा. आठवडाभर रोज सकाळी बाटली पाहा, आणि क्लिपा एकदा पुन्हा अर्धा फेरा आवळा. नवे रबर पहिल्या दोन-तीन तापण्यांत दबते. चिखलदऱ्याचा घाट चढायचा विचार असेल तर तो या आठवड्यानंतर.

उपसलेले कूलंट नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते. गल्लीतली कुत्री, मांजरे ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. अंगणात सांडलेले त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुऊन टाका.