विद्यार्थी, भौतिकवाद आणि समाधान: प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

दर फेब्रुवारीत मानसशास्त्राची पोरं डिसर्टेशन घेऊन येतात. विषय ठरलेला: मूल्यं, भौतिकवाद (म्हणजे पैसा-वस्तूंना आयुष्यात दिलेलं महत्त्व) आणि विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य. चुकाही ठरलेल्याच.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते उलटी विधानं तशीच बेरजेत घेतल्यावर. रिचिन्स आणि डॉसन यांच्या भौतिकवाद मोजणाऱ्या 1992 च्या मापनीत 18 विधानं आहेत, प्रत्येकाला 1 (पूर्ण असहमत) ते 5 (पूर्ण सहमत) गुण. यश, आयुष्यातलं वस्तूंचं स्थान आणि आनंद असे त्याचे तीन भाग. काही विधानं मुद्दाम उलट्या दिशेची आहेत. ‘वस्तूंच्या बाबतीत मी साधं राहायचा प्रयत्न करतो’ याला 5 देणारा भौतिकवादी कसा होईल? सहातून वजा करा, त्याचा 1 धरा.

एका पठ्ठ्याने दोनशेच्या वर फॉर्म भरून आणले. भौतिकवाद आणि समाधान यांचा सहसंबंध जवळपास शून्य. त्यावर त्याने अख्खं प्रकरण लिहिलं: कोल्हापूरचा माणूस रांगडा, दिलदार, पैशाची हाव त्याच्या समाधानाला शिवतच नाही! वाचायला झकास होतं. मला शंका आली ती अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) फारच खाली दिसल्यावर. एक्सेल उघडलं, तर एकही विधान उलटवलेलं नव्हतं. दुरुस्तीनंतर सहसंबंध उणे आला, माफक उणे, म्हणजे भौतिकवाद जास्त तिथे समाधान कमी, आणि रांगडेपणाचं प्रकरण रद्दीत गेलं. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही.

तेव्हापासून पहिले पाच फॉर्म मी पेन्सिलीने, हाताने तपासायला लावतो. ‘सर, सॉफ्टवेअर आहे की’ म्हणणाऱ्याला दहा.

‘साधं राहायचा प्रयत्न’वालं तेच विधान भाषांतरातही दगा देतं. ‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ आपण शाळेच्या भिंतीवर वाचत वाढलो. दारात हप्त्यावरची बुलेट असली तरी ‘साधं’ हा शब्द दिसला की हात ‘पूर्ण सहमत’वर जातो. म्हणून छापायच्या आधी आठ-दहा जणांना चहा पाजा आणि प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या तोंडून ऐका. आणि ‘भौतिकवाद’ हा शब्द फॉर्मच्या मथळ्यावर नको. तत्त्वज्ञानवाल्याला चार्वाक आठवतो, बाकीचे सावध होतात.

दुसरी लाडकी चूक: ‘तुमच्याकडे कोणता मोबाईल आहे?’ विचारून भौतिकवाद मोजणं. अहो, वस्तू असणं वेगळं आणि तिच्यावर जीव टांगणं वेगळं. आजोबांनी उसाच्या बिलातून घेऊन दिलेली गाडी बिनधास्त दुसऱ्याला देणारा मुलगा मी पाहिलाय. केएमटीच्या (शहर बसच्या) गर्दीतून येणारा आणि दिवसभर त्याच गाडीचे व्हिडिओ बघणाराही पाहिलाय. मापनी दुसऱ्याला पकडते.

बाकीच्या पटापट.

डीनरची जीवनसमाधान मापनी (1985, पाच विधानं, 5 ते 35 गुण) म्हणजे संपूर्ण स्वास्थ्य नव्हे. चिंता, नैराश्य वेगळं मोजा.

सहसंबंधावरून ‘पैशाच्या मागे लागल्याने दुःख येतं’ लिहू नका. दुःखी माणूसही खरेदीला धावतो.

‘कॉमर्सला सगळेच पैशामागे, तिथे त्याचा त्रास होणार नाही’ हे गृहीत धरू नका. कॅसर आणि अहुविया यांनी 2002 मध्ये सिंगापूरच्या बिझनेस विद्यार्थ्यांत भौतिकवाद आणि स्वास्थ्य यांचं नातं उणेच दाखवलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून झोपू नका. सकाळी चाळीस जणांचं ओळीने ‘3, 3, 3’ येतं.

आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘तुम्ही आयुष्याबाबत समाधानी आहात का?’ विचारायला हॉस्टेलवर जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. फॉर्म परत आले, बहुतेक कोरे, एकावर मेसचा हिशोब.