जुनं युद्ध-रॉकेट विकत घ्यायला निघण्याआधी

मुंबईच्या चोरबाजारात किंवा दारूखाना भागातल्या भंगारात एखादी गंजकी लोखंडी नळी पुढे करून कुणी ‘टिपूचं रॉकेट’ म्हणालं, तर भाव विचारण्याआधी तिची शेपटी, म्हणजे मागची बाजू, पाहा. त्यासाठी पिशवीत टॉर्च, टेप, जाडी-व्यास मोजायचा व्हर्नियर, लोहचुंबक आणि हातमोजे असू द्या.

पण हात लावण्यापूर्वी एक गोष्ट. टोक बंद असेल किंवा शेपटीच्या भोकांत काही घट्ट भरलेलं दिसलं, तर नळी हलवू नका, खरवडू नका. कोरडी राहिलेली काळी दारू (बंदुकीची दारू) शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. दूर व्हा, इतरांनाही दूर करा आणि ११२ वर फोन लावा. दुर्मीळ वस्तू हातची जाईल म्हणून इथे जराही रेंगाळू नका.

नळी रिकामी असल्याची खात्री झाली की शेपटी नीट न्याहाळा. ब्रिटिश संशोधक विल्यम काँग्रेव्हच्या सुरुवातीच्या रॉकेटांना दिशा राखणारी लाकडी दांडी बाजूला बांधलेली असे, त्यामुळे लाकूड गेलं तरी अंगावर पट्ट्यांच्या खुणा सापडू शकतात. १८१५ च्या सुमारास दांडी मधोमध आली: तळाच्या चकतीत आट्यांचं भोक आणि भोवती धूर-ज्वाळेसाठी पाच भोकं. ३२ पौंडी रॉकेटाची दांडी १५ फुटांची, तेव्हा ती जोडीला मिळण्याची आशा धरू नका. नंतरचा ब्रिटिश संशोधक विल्यम हेल याच्या रॉकेटाला दांडीच नाही. ब्रिटिश सैन्याने १८६७ मध्ये स्वीकारलेल्या नमुन्यात तीन भोकं आणि प्रत्येकाशेजारी वळलेलं पातं असतं. वायू त्यावर आदळून रॉकेट स्वतःभोवती फिरतं आणि सरळ जातं. मला ही रचना सगळ्यांत देखणी वाटते. पुढच्याच वर्षी ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) ब्रिटिश नौदलाची रॉकेट तुकडी लढली. त्या मोहिमेची बरीच फौज मुंबईहूनच गेली होती.

बंदराच्या शहरात बुडत्या जहाजाकडे दोर फेकणारी जीवरक्षक रॉकेटंही निघू शकतात, ती युद्धाची समजू नका. टिपूची रॉकेटं तर अठराव्या शतकातली. २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर गावच्या विहिरीत हजारावर सापडली, ताडून पाहायला त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

बिल लेखी घ्या. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. नोंदणीचं पुरातत्त्व खात्याला विचारा. घरी आणल्यावर मूळ रंग आणि ठसे घासू नका, नुसतं मऊ ब्रशने झटका, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि पावसाळ्याआधी बंद कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा.