कॉलेजच्या मंडळाला कायम ठेव देताय? आधी या चुका टाळा

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू झाले की कॉलेजच्या कार्यालयात एक ठरलेला फोन येतो. "साहेब, आमच्या बॅचने दोन लाख जमवलेत. वाङ्मय मंडळाला कायमची ठेव द्यायचीय. सोमवारी चेक घेऊन येतो, रविवारी स्टेजवर जाहीर करतोय." पंचवीस वर्षं कॉलेजकडे न फिरकलेल्या माणसाला हे सगळं तीन दिवसांत उरकायचं असतं. माझी नोकरी कार्यालयात गेली, ठेवींचं रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. त्या रजिस्टरात बक्षिसांपेक्षा बंद पडलेल्या बक्षिसांच्या नोंदी जास्त होत्या, आणि त्यामागची कारणं तीच तीच होती.

मंडळ कोणतंही असो. कला-वाणिज्य शाखेतलं वाङ्मय मंडळ किंवा गणित मंडळ घ्या. इंजिनिअरिंगला आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेची किंवा आयएसटीई या तंत्रशिक्षणाच्या भारतीय संस्थेची विद्यार्थी शाखा असते. गुणवंतांना निवडून घेणाऱ्या एटा कॅपा न्यूसारख्या संस्थेची शाखाही असू शकते. ही संस्था १९०४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केली आणि २०१० पासून ती आयईईईचा भाग आहे. ठेव देणाऱ्यांच्या चुका सगळीकडे सारख्याच.

चेक दिला, पत्र दिलं नाही

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात गणिताचे एक सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. मुलांनी त्यांच्या नावाने गणित मंडळाला दीड लाख रुपये द्यायचं ठरवलं. व्याजातून दरवर्षी मंडळाची स्पर्धा आणि बक्षीस, अशी कल्पना. स्नेहसंमेलनात चेक दिला, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. "कायमस्वरूपी ठेव" हे शब्द माइकवरून दोनदा उच्चारले गेले. कागदावर मात्र कुठेच आले नाहीत. अकाउंटंटने चेक बँकेत भरला, पावती फाडली आणि पावतीवर लिहिलं "देणगी". नियमाप्रमाणे बरोबरच लिहिलं.

आता गंमत बघा. धर्मादाय संस्थेला मिळालेली देणगी मुद्दल म्हणून जपायची असेल, तर देणाऱ्याने तसं लेखी सांगावं लागतं. "ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये धरावी" एवढं एक वाक्य पुरतं. ते नसेल तर ती रक्कम त्या वर्षाचं साधं उत्पन्न ठरते, आणि करसवलत टिकवायला संस्थेला एकूण उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम संस्थेच्या कामावर खर्च करावी लागते. त्या वर्षी कॉलेजची तपासणी करून दर्जा ठरवणारी नॅकची समिती यायची होती. व्हरांड्याला रंग लागला, मुलींच्या स्वच्छतागृहाची फरशी बदलली, आणि दीड लाख त्यात गेले. कुणी एक रुपया खाल्ला नाही. ऑडिट स्वच्छ.

दोन वर्षांनी थोरला मुलगा नाशिकहून आला आणि त्याने विचारलं, यंदा बाबांच्या नावाचं बक्षीस कुणाला मिळालं? प्राचार्य नवीन. जुने अकाउंटंट निवृत्त. खतावणीत एक ओळ, बाकी काही नाही. संस्थेच्या सचिवांनी शरमेपोटी दोन वर्षं स्वतःच्या खिशातून बक्षीस दिलं, मग सचिवही बदलले. ते कुटुंब आजही सांगतं की कॉलेजने वडिलांचे पैसे खाल्ले. पत्राचा एक कागद असता तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून मी कुणालाही चेक आधी देऊ देत नसे. आधी पत्र, एका पानाचं. रक्कम किती, ती कायम निधीत धरावी, व्याज कशावर खर्चावं, आणि ते शक्य नसेल तेव्हा काय करावं. वडिलांचं चरित्र त्यात लिहू नका, ते स्मरणिकेत छापा. पत्राच्या तीन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मग संस्थेच्या नियामक मंडळाने ठेव स्वीकारल्याच्या ठरावाची नक्कल मागा. लोकांना हे मागायला संकोच वाटतो, "विश्वास आहे हो आमचा". विश्वास प्राचार्यांवर असतो, आणि प्राचार्य बदलतात.

चेक मंडळाच्या किंवा सरांच्या नावाने

मंडळाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं. चेक संस्थेच्या किंवा कॉलेजच्या अधिकृत खात्याच्या नावानेच काढा. मंडळाच्या प्रमुख सरांच्या मोबाइलवर यूपीआयने पैसे टाकणाऱ्यांना तर हात जोडावेत. ते सर प्रामाणिक असतील, पण त्यांची बदली होते.

व्याजाचं गणित न करणं

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं. दहा हजारांची ठेव म्हणजे वर्षाला बाराशे रुपये. त्या काळी विद्यार्थ्याला मिळणारी ती घसघशीत रक्कम होती. आज तीच ठेव साडेसहा टक्क्यांनी साडेसहाशे देते. वर महागाई आहेच. आयकर खात्याचा महागाई निर्देशांक २००१-०२ मध्ये १०० धरला, तर २०२४-२५ मध्ये तो ३६३ आहे. म्हणजे आकडा अर्धा झाला आणि उरलेल्या अर्ध्याची किंमतही घसरली. अशी बक्षिसं मी रजिस्टरात पाहिली आहेत, जिथे फ्रेम केलेलं प्रमाणपत्र बक्षिसाच्या रकमेपेक्षा महाग पडतं. मग कार्यालय काय करतं? तीन-चार वर्षांचं व्याज साठवून एकदम देतं, किंवा देतच नाही. दुसरं जास्त वेळा.

उपाय जुना आहे, पण ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते: सगळं व्याज वाटायचं नाही. दोन लाखांवर साडेसहा टक्क्यांनी तेरा हजार येतात. त्यातले आठ हजार खर्चायचे, पाच हजार मुद्दलात टाकायचे. अमेरिकेतली विद्यापीठंही साधारण असंच करतात. निधीच्या गेल्या काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार ते पाच टक्केच दरवर्षी काढतात आणि बाकीचं वाढू देतात. पण हे पत्रात लिहिलेलं हवं. नाहीतर अकाउंटंट ८५ टक्क्यांचा नियम पुढे करून हात वर करतो. त्याला शांतपणे सांगा की तो हिशेब सगळ्या संस्थेच्या उत्पन्नाचा असतो, एकेका ठेवीचा नसतो. पगारावर आणि विजेवर संस्था त्याच्या कितीतरी पट खर्च करतेच.

इथे बॅचवाले हमखास विचारतात, "मग पहिल्याच वर्षी अकरा हजारांचं बक्षीस नाही देता येणार?" नाही देता येणार. पहिल्या वर्षीच्या टाळ्यांसाठी ठेव नसते.

आणि रक्कम लाखाच्या आत असेल तर माझं मत सरळ आहे: कायम ठेव करूच नका. तेच पैसे पाच वर्षांत खर्चून टाका. मंडळाच्या भित्तिपत्रिकेला, चांगल्या वक्त्याच्या प्रवासखर्चाला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्रवेश फीला द्या. मुलांना त्याचा उपयोग दिसतो. दरवर्षी तीनशे रुपयांचं पाकीट वाटून कुणाचंच नाव राहत नाही.

अटींची माळ

"तृतीय वर्ष बी.ए., विशेष विषय मराठी, विद्यापीठात प्रथम, विद्यार्थिनी, आमच्या गावची, वडील शेतकरी." एकाच बक्षिसाला एवढ्या अटी मी वाचलेल्या आहेत. आणि तशी मुलगी वर्षानुवर्षं मिळालेली नाही. देणाऱ्याला वाटतं अटी वाढवल्या की बक्षिसाची प्रतिष्ठा वाढते. खरं तर एकेक अट वाढली की बक्षीस न दिलं जाण्याचं एकेक निमित्त वाढतं.

जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती आठवा. मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण, बस. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली आणि पुढच्या कित्येक पिढ्या ती घराघरात अभिमानाने सांगितली गेली. अट एका ओळीत मावते, परीक्षेत बसलेल्या प्रत्येकाला ती आपोआप लागू होते, कुणाला अर्ज करावा लागत नाही.

शिवाय परीक्षाच बदलतात, हे कुणी लक्षात घेत नाही. बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली तेव्हा "बोर्डात पहिला" लिहिलेली बक्षिसं अडकली. कॉलेज स्वायत्त झालं की "विद्यापीठात प्रथम" कुणाला म्हणायचं? गुणांऐवजी श्रेणी आली आणि एकाच श्रेणीचे सातजण निघाले. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीची वर्षं आणि विषयांची रचना बदलली. मुलं कमी झाल्याने काही विभागच बंद झाले. विद्यार्थी शाखांचं तर आणखी नाजूक असतं. सभासदांची वर्गणी कुणी वेळेत भरली नाही किंवा उत्साही प्राध्यापक दुसरीकडे गेले की शाखा कागदावरच उरते. कधी तीही नाही.

म्हणून एक ओळ हवीच हवी: "ही अट लागू करणं शक्य नसल्यास किंवा मंडळ बंद पडल्यास प्राचार्यांनी जवळच्या हेतूसाठी व्याज वापरावं." देणाऱ्यांना ही ओळ लिहिताना अशुभ वाटतं. मी म्हणायचो, मृत्युपत्र करताना माणूस मरत नाही. लिहा.

अमेरिकेतल्या मित्रांचे पैसे पुण्यातल्या मित्राच्या खात्यात

हा शॉर्टकट इतका लोकप्रिय आहे की तो बेकायदा आहे हे सांगितलं की लोक चिडतात. बॅचमधले पाच-सहाजण अमेरिकेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे आता तिथलं नागरिकत्व. सगळे आपापला वाटा पुण्यातल्या एकाच्या बचत खात्यात पाठवतात आणि तो कॉलेजला एकच चेक देतो. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, मग तो जन्माने कोल्हापूरचा असो आणि त्याच्याकडे मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याने विदेशी देणगीच ठरते. मधल्या माणसाच्या हातून आली म्हणून ती देशी होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या संस्थेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. अडचणीत संस्था येते, पाठवणारा नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र यात मोडत नाहीत. म्हणून आधी यादी करा, कुणाकडे कुठला पासपोर्ट आहे. त्या एका प्रश्नावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस शांतता पसरते, पण विचारावं लागतं.

आणि तिथल्या नागरिकांना तिथली करसवलत हवी असेल तर इथल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर ती मिळत नाही. काही संस्थांची तिकडे नोंदलेली प्रतिष्ठानं आहेत, आयआयटी मुंबईचं हेरिटेज फाउंडेशन त्यातलं एक. तसं काही नसेल तर आपण ज्या अमेरिकी विद्यापीठात शिकलो तिथल्या गुणवंत संस्थेच्या शाखेला द्या, त्यात कमीपणा नाही. पण तिथेही चेक शाखेच्या विद्यार्थी खजिनदाराच्या हातात ठेवू नका, विद्यापीठाच्या फाउंडेशनमार्फत द्या. नावाच्या कायम निधीसाठी तिथे किमान रकमेची अट असते, अनेक ठिकाणी २५ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त. आपण नोकरी करतो ती कंपनी आपल्या देणगीइतकी भर घालते का, तेही विचारा. ती भर अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

बारीकसारीक

रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिलेत तर देणगीवरची ८०-जीची आयकर सवलत विसरा. नव्या करप्रणालीत असाल तर ती तशीही नाही. पॅन क्रमांक द्या, देणगी प्रमाणपत्रासाठी संस्था तो मागते.

ठेव पतसंस्थेत ठेवू देऊ नका, एक टक्का जास्त मिळतो म्हणून तर मुळीच नाही. धर्मादाय संस्थेने पैसे कुठे गुंतवायचे याचे नियम आहेत. सहकारी बँक चालते, पण ठेवींचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच असतो आणि इथे ठेवीदार म्हणजे अख्खी संस्था. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. मधली सगळी वर्षं ठेवीदार वाट बघत होते.

"आम्हीच ठेव आमच्या नावावर ठेवतो आणि दरवर्षी बक्षीस देतो" म्हणणारे काही असतात. द्या की. पण मग त्याला कायम म्हणू नका.

बक्षिसाला तीन-तीन नावं जोडू नका. निवेदकाला दम लागतो.

ठेव देऊन झाली की दरवर्षी एक पत्र पाठवा, दोनच प्रश्नांचं: ३१ मार्चला मुद्दल किती होतं आणि व्याज कुणाला दिलं. जूनमध्ये पाठवू नका, तेव्हा कार्यालय प्रवेशात बुडालेलं असतं. ऑगस्टमध्ये पाठवा, तेव्हा ऑडिटसाठी खतावण्या उघड्याच असतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्वतः जा, दुपारी तीननंतर. आपल्या पत्राची आवक क्रमांकाची प्रत सोबत न्या आणि टेबलावर ठेवा.